ॲमोनाइट : प्राचीन समुद्रांतील जीवाश्म जमवताना आणि समजून घेताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲमोनाइट म्हणजे नेमके काय? तो गोगलगायीचाच एक प्रकार आहे का?

नाही. गोगलगाय आणि ॲमोनाइट हे दोन्ही मृदुकाय संघातले प्राणी असले, तरी ॲमोनाइट हा शीर्षपाद वर्गातला, म्हणजे कोकणात जाळ्यात येणाऱ्या माकुळाच्या आणि ऑक्टोपसच्या गोतातला प्राणी होता. तो समुद्रात तरंगत आणि पोहत असे, आणि त्याचे मऊ शरीर कवचाच्या सर्वांत बाहेरच्या, तोंडाकडच्या दालनात राहत असे. गोगलगायीचे कवच बहुधा शंकूसारखे वर चढत जाते, तर ॲमोनाइटचे कवच बहुतेक वेळा दोर गुंडाळून ठेवावा तसे एकाच पातळीत वळलेले असते. तरीही खरी खूण बाहेर नसून आत असते. गोगलगायीचे कवच म्हणजे आतून सलग पोकळ नळी, आणि ॲमोनाइटचे कवच म्हणजे आडव्या पडद्यांनी विभागलेल्या कप्प्यांची माळ.

आज जिवंत असलेला नॉटिलस हा प्राणी दिसायला ॲमोनाइटसारखा असल्यामुळे पुष्कळ जण त्याला ॲमोनाइटचा वंशज समजतात. प्रत्यक्षात ॲमोनाइटचे नाते नॉटिलसपेक्षा माकूळ आणि ऑक्टोपस यांच्याशी अधिक जवळचे आहे. या व्यापक गटातले पहिले प्राणी डेव्होनियन काळात, सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी अवतरले. सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन काळाच्या अखेरीस झालेल्या महाविनाशात ते जवळजवळ संपले होते. त्यातून वाचलेल्या मोजक्या शाखांपासून पुन्हा हजारो जाती निर्माण झाल्या, आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस काळाच्या शेवटी, तो सारा वंश लयाला गेला.

कवचातले कप्पे कशासाठी होते?

तरंगण्यासाठी. प्राणी वाढत असताना कवचाच्या तोंडाशी नवा भाग तयार करून पुढे सरके आणि मागे सुटलेल्या जागेत पडदा घाले. नव्या कप्प्यात सुरुवातीला द्रव असे. सर्व पडद्यांतून आरपार गेलेल्या एका बारीक नळीवाटे तो द्रव हळूहळू शोषून घेतला जाई, आणि त्याची जागा वायू घेई. नॉटिलसमध्ये ही नळी पडद्यांच्या साधारण मध्यातून जाते, तर ॲमोनाइटमध्ये ती बहुधा बाहेरच्या कडेला चिकटून असते. कापलेला नमुना हाती आल्यास हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

हे यंत्र समजायला कोकणच्या किनाऱ्यावर सापडणारा समुद्रफेस हातात घ्यावा. तो फेस नव्हे, तर माकुळाच्या जातीतल्या एका प्राण्याच्या पाठीतले आंतरिक कवच आहे. धारदार पात्याने कापले तर त्यातही असंख्य पातळ पडदे आणि त्यांच्यामधली पोकळी दिसते, आणि त्यांचे कामही तेच असते. पिंजऱ्यातल्या पोपटासमोर चोच घासायला ठेवलेला तो पांढरा तुकडा ॲमोनाइटच्या कप्प्यांचे कोडे घरबसल्या उलगडून दाखवतो.

दगडावर पानाच्या नक्षीसारख्या रेषा दिसतात. त्या कोरलेल्या आहेत का?

त्या नैसर्गिक आहेत, आणि ॲमोनाइट ओळखण्याची त्याहून चांगली खूण नाही. आतला पडदा बाहेरच्या कवचाला जिथे जोडला जाई, त्या सांध्याची ती रेषा होय. पडदा मध्यभागी साधारण गुळगुळीत असे, पण कडेला त्याला चुण्या पडत. त्यामुळे सांधरेषा वळणावळणाची होई. पुराजीव महाकल्पातल्या, म्हणजे पर्मियनच्या अखेरपर्यंतच्या जुन्या गटांत ती नुसती नागमोडी किंवा कोनदार आहे, ट्रायासिक काळातल्या अनेक गटांत तिच्या एका बाजूच्या वळणांना बारीक दाते आले आहेत, आणि जुरासिक व क्रिटेशस काळांतल्या खऱ्या ॲमोनाइटमध्ये ती कोथिंबिरीच्या पानाच्या कडेसारखी, फाट्याला फाटे फुटत गेलेली दिसते. इतक्या गुंतागुंतीचा उपयोग काय, याविषयी शास्त्रज्ञांमध्ये आजही मतभेद आहेत. काही जण पाण्याच्या दाबाविरुद्ध मिळणाऱ्या बळकटीवर भर देतात, तर काही जण कप्प्यांतल्या द्रवाच्या नियंत्रणावर.

ही रेषा कवचाच्या बाहेरून कधीच दिसत नाही. ती दिसते याचा अर्थ मूळ कवच विरघळून किंवा झडून गेले आहे, आणि तुमच्या हातात आहे तो कप्प्यांत शिरून घट्ट झालेल्या गाळाचा किंवा स्फटिकांचा आतला साचा. ॲमोनाइटचे कवच ॲरागोनाइट या खनिजाचे असे आणि ते फार काळ टिकत नाही, म्हणून संग्रहांतले बरेचसे नमुने असे साचेच असतात. साचा म्हणजे दुय्यम प्रतीचा जीवाश्म, असे मात्र समजू नये. जातीची ओळख पटवण्याच्या कामी पुष्कळदा तोच अधिक बोलका ठरतो.

हे नाव कोठून आले?

इजिप्तमधील आमोन या देवाला मेंढ्याची वळणदार शिंगे दाखवत. रोमन लेखक थोरला प्लिनी याने या दगडांचा उल्लेख ‘आमोनची शिंगे’ असा केला होता. इंग्लंडच्या व्हिटबी गावात हेच दगड म्हणजे संत हिल्डाने शिळा करून टाकलेले साप आहेत, अशी समजूत होती, आणि तिथले कारागीर त्यांवर सापाचे डोके कोरून ते विकत. हिल्डोसेरस या ॲमोनाइटचे नाव त्या संतीवरूनच पडले आहे.

देव्हाऱ्यातला शाळिग्राम हा ॲमोनाइटच असतो का?

बहुतेक चक्रांकित शाळिग्रामांच्या बाबतीत उत्तर होय असे आहे. नेपाळमध्ये मुक्तिनाथ आणि दामोदर कुंडाच्या परिसरातून वाहणाऱ्या काली गंडकीच्या पात्रात हे काळे गोटे मिळतात. हिमालय उभा राहण्यापूर्वी तिथे टेथिस नावाचा समुद्र होता. जुरासिक काळाच्या उत्तरार्धात त्याच्या तळाशी साचलेल्या काळ्या चिखलात ॲमोनाइट गाडले गेले, त्यांच्याभोवती खनिजे जमून कठीण गुठळ्या बनल्या, आणि पुढे भारतीय भूखंड आशियाला भिडल्यावर तो सारा समुद्रतळ हजारो मीटर वर उचलला गेला. नदी आता त्या मऊ काळ्या खडकातून गुठळ्या सोडवते, घासून गोल करते आणि खाली आणते. परंपरेने या चक्रांचे श्रेय वज्रकीट नावाच्या किड्याला दिले आहे. दगडातली वळणे एखाद्या जीवाने घडवली आहेत, इतके त्या कथेने अचूक ओळखले होते, असे मला नेहमी वाटते.

प्रत्येक शाळिग्रामात चक्र दिसतेच असे नाही. काही गोटे पूर्ण बंद असतात, तर काहींत शिंपल्यांचे किंवा बेलेम्नाइट या माकूळवर्गीय प्राण्याचे अवशेष असतात. कार्तिकात तुळशीच्या लग्नाला जो शाळिग्राम बाहेर काढला जातो, त्याच्या कडेला भिंग धरून पाहावे. चक्राच्या आत बारीक वरंबे दिसले, आणि ते बाहेरच्या कडेकडे जाताना दोन फाट्यांत विभागलेले असले, तर जुरासिक समुद्रातल्या एका मोठ्या कुळाची ती ठळक खूण आहे. पूजेतला दगड जीवाश्म पाहण्यासाठी फोडण्याचे मात्र काहीच कारण नाही.

महाराष्ट्रात ॲमोनाइट सापडतात का? सह्याद्रीत ट्रेकला गेल्यावर शोधावेत का?

सह्याद्रीत शोधून उपयोग नाही, आणि त्याचे कारण जाणून घेण्यासारखे आहे. महाराष्ट्राचा फार मोठा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसाल्टने झाकलेला आहे. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर वाहिलेल्या लाव्हापासून बनला, आणि तापलेल्या लाव्हात समुद्री कवचे जपली जाण्याचा प्रश्नच येत नाही. विदर्भातले गोंडवना खडक नद्यांच्या आणि तळ्यांच्या गाळाचे आहेत. त्यांत वनस्पती आणि जमिनीवरचे प्राणी मिळतात, समुद्रातले नव्हेत. गोव्याचे आणि दक्षिण कोकणाचे जुने खडक तर ॲमोनाइट जन्माला येण्याच्या कितीतरी आधीचे आहेत.

नागपूर, चंद्रपूर या भागांत लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये तळ्यातल्या गाळाचे पातळ थर आढळतात आणि त्यांत वळणदार कवचांचे जीवाश्म मिळतात. ते बहुधा फायसा या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीचे असतात, आणि त्यांचे तोंड डाव्या बाजूस उघडते. ते स्वतंत्रपणे अतिशय मोलाचे आहेत, पण ॲमोनाइट नाहीत. अकीक दगडातली वर्तुळे आणि लाव्हाच्या पृष्ठभागावर पडलेले दोरखंडासारखे पीळ यांनाही लोक हौसेने ॲमोनाइट म्हणतात. त्यांत कप्पे नाहीत आणि सांधरेषाही नाहीत, एवढे पाहिले की शंका मिटते.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. ज्या काळात आपल्या पायाखालचा हा काळा पाषाण थरावर थर चढवत वाहत होता, त्याच काळात दक्षिणेकडे, आजच्या तामिळनाडूच्या किनारपट्टीवरच्या समुद्रात, या वंशातले शेवटचे ॲमोनाइट पोहत होते.

मग भारतात ते कोठे पाहायला मिळतात?

पहिले नाव कच्छचे. गोंडवना भूखंड दुभंगत असताना आफ्रिका एका बाजूला आणि भारत व मादागास्कर दुसऱ्या बाजूला होऊ लागले, त्या फटीत समुद्र शिरला आणि जुरासिक काळात कच्छच्या उथळ खोऱ्यात चुनखडक, शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला पापुद्र्यांचा खडक) आणि वालुकाश्म यांचे थर साचत गेले. पच्छम, चारी, कटरोल आणि उमिया ही त्यांची जुनी नावे त्या भागातल्याच ठिकाणांवरून पडली आहेत. भूशास्त्रज्ञ फर्डिनांड स्टोलिच्का याने हे विभाग पाडले आणि विल्हेल्म वागेन याने १८७३ ते १८७५ या काळात इथल्या ॲमोनाइटांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १९२७ ते १९३३ या काळात एल. एफ. स्पाथ याने त्या साऱ्याची फेरतपासणी केली. कच्छमधले मॅक्रोसेफॅलाइटीस आणि मायाइटीस या ॲमोनाइटांचे नातलग मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेत सापडतात, आणि हे भूभाग एकेकाळी एकाच समुद्राच्या काठी होते, याचा तो स्वतंत्र पुरावा ठरतो.

कच्छमध्ये एकदा तरी पाहावा असा थर म्हणजे ढोसा ऊलाइट. तो जेमतेम काही मीटर जाडीचा आहे आणि सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्याचा ताजा तुटलेला तुकडा उन्हात तिरका धरला, की लालसर तपकिरी खडकात खसखशीएवढे गोल, लोहयुक्त वेष्टनाचे दाणे गच्च भरलेले दिसतात. त्या थरावर चालताना ॲमोनाइट शोधावे लागत नाहीत, पाय कोठे ठेवावा हे शोधावे लागते. गाळ फार सावकाश साचत होता, म्हणून दीर्घ काळातली कवचे थोड्याशा जाडीत एकत्र आली. काही तर आधीच्या थरांतून उकरली जाऊन पुन्हा गाडली गेली. त्यामुळे शेजारी शेजारी पडलेले दोन ॲमोनाइट एकाच काळातले असतीलच, असे या थरात गृहीत धरता येत नाही.

दुसरा प्रदेश तामिळनाडूतील अरियलूर, पेरंबलूर आणि जुन्या तिरुचिरापल्ली जिल्ह्याच्या परिसराचा. तिथले खडक क्रिटेशस काळातले आहेत. एडवर्ड फोर्ब्स याने १८४६ साली दक्षिण भारतातल्या अशा जीवाश्मांवर लिहिले आणि स्टोलिच्काने १८६५ साली इथल्या ॲमोनाइटांवर मोठा ग्रंथ सिद्ध केला. या दोघांनी अनेक जातींना आपल्या पुराणांतली नावे दिली. आज स्यूडोफिलाइटीस इंद्र, ब्रह्माइटीस ब्रह्म अशी नावे जगभरच्या ग्रंथांत रूढ आहेत. स्टोलिच्काने ज्याला भीमाचे नाव दिले, त्या जातीवरून पुढे भीमाइटीस हा गट ओळखला जाऊ लागला, आणि २०१९ साली म्यानमारच्या सुमारे ९.९ कोटी वर्षे जुन्या अंबरात जो जेमतेम सव्वा सेंटिमीटरचा ॲमोनाइट सापडल्याचे प्रसिद्ध झाले, तो याच भीमाइटीस गटात गणला गेला. झाडाच्या डिंकात समुद्रातला प्राणी कसा अडकला? ते रिकामे कवच किनाऱ्यावर वाहत आले होते आणि काठावरच्या झाडावरून ओघळलेल्या डिंकाने त्याला कवेत घेतले.

तिसरा प्रदेश हिमाचलमधील स्पिती. शाळिग्रामाच्या खडकाचा हाच पश्चिमेकडचा विस्तार असून त्याला स्पिती शेल म्हणतात. लांग्झा गाव चार हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे आणि तिथे मुले पर्यटकांपुढे काळ्या गुठळ्या धरतात. त्या विकत घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण प्रत्येक खरेदीबरोबर उतारावरून आणखी एक जीवाश्म नोंदीविना उचलला जातो. राजस्थानात जैसलमेर भागातल्या जुरासिक चुनखडकातही ॲमोनाइट आहेत, आणि तिथल्या हाबूर गावच्या दगडात इतकी कवचे दाटलेली असतात की तो घासून गुळगुळीत करून भांड्यांसाठी आणि शोभेसाठी वापरतात.

एका ॲमोनाइटवरून खडकाचे वय कसे ठरते?

तीन गोष्टी एकत्र आल्यामुळे हे शक्य झाले. ॲमोनाइट समुद्रात दूरवर पसरत, त्यांच्या जाती भराभर बदलत, आणि त्यांची कवचे ओळखायला सोपी असत. जर्मन अभ्यासक आल्बर्ट ओपेल याने १८५६ ते १८५८ या काळात युरोपातल्या जुरासिक खडकांची त्यांच्या आधारे पट्ट्यापट्ट्यांत विभागणी केली. एकेका पट्ट्याचा काळ सरासरी दहा लाख वर्षांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी येतो. सोळा कोटी वर्षांपूर्वीच्या घटनेच्या संदर्भात हा नेमकेपणा विलक्षण आहे. वर्षांचा प्रत्यक्ष आकडा मात्र ॲमोनाइट सांगत नाहीत. ते क्रम सांगतात, आणि आकडा ज्वालामुखीच्या राखेतल्या किरणोत्सारी खनिजांवरून मिळतो.

यातूनच हेही कळते की थरातून बाहेर काढलेला आणि ठिकाण न नोंदवलेला ॲमोनाइट अभ्यासाच्या दृष्टीने मुका होतो. पुढची बरीचशी उत्तरे याच एका गोष्टीशी जोडलेली आहेत.

सगळे ॲमोनाइट गोल आणि तळहातावर मावणारे असतात का?

बिलकूल नाही. क्रिटेशस काळात अनेक शाखांनी सरळ गुंडाळी सोडून दिली. बॅक्युलाइटीस काठीसारखा सरळ आहे, ट्युरिलाइटीस शिखरासारखा वर चढतो, आणि जपानमधला निप्पोनाइटीस तर सोडवता न आलेल्या दोऱ्याच्या गुंत्यासारखा दिसतो, पण त्याची वळणे ठरलेल्या नियमानेच पडतात. आकाराचा विक्रम जर्मनीतल्या झेप्पेनराडे येथे १८९५ साली मिळालेल्या पॅरापुझोसियाच्या नावावर आहे. त्याचा व्यास १.७४ मीटर आहे, आणि त्याचे राहण्याचे दालन पूर्ण नसल्यामुळे तो मुळात याहूनही बराच मोठा असला पाहिजे.

एकाच थरात मोठा आणि छोटा असे दोन प्रकार जोडीने सापडतात, आतली वळणे दोघांची सारखीच असतात आणि छोट्याच्या तोंडाशी पुष्कळदा कानासारखे फाटे असतात. हे मादी आणि नर असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

ॲमोनाइट संपले, पण नॉटिलस कसे उरले?

६.६ कोटी वर्षांपूर्वी आजच्या मेक्सिकोतील चिक्षुलुब येथे अशनी आदळला, सूर्यप्रकाश अडला आणि समुद्राच्या वरच्या थरातले सूक्ष्म जीव मोठ्या संख्येने मेले. ॲमोनाइटची नवजात पिले जेमतेम एखाद्या मिलिमीटरची असत आणि याच सूक्ष्म जीवांमध्ये तरंगत वाढत. वरच्या थराचे पाणी आम्लधर्मी झाल्याने त्यांची नाजूक कवचेही धोक्यात आली असावीत. उलट नॉटिलस थोडी पण मोठी अंडी खोल पाण्यात घालतो आणि पिलू अडीच-तीन सेंटिमीटरचे कवच घेऊनच बाहेर येते. कारणांचे प्रमाण अजून चर्चेत असले, तरी पिलांच्या आकारातला हा फरक बहुतेक स्पष्टीकरणांच्या केंद्रस्थानी आहे.

ॲमोनाइट गोळा करणे कायदेशीर आहे का?

उत्तर जागेवर अवलंबून आहे. भारतात जागेच्या मालकाची परवानगी ही पहिली अट आहे. वनक्षेत्रात, अभयारण्यात किंवा संरक्षित भूशास्त्रीय स्थळी काहीही उचलू नये. कच्छच्या काही भागांत अभयारण्ये आहेत आणि काही भाग सीमेलगत असल्याने तिथे जाण्यासाठीच परवाना लागतो. भूवारसा स्थळे आणि अवशेष यांच्या संरक्षणासाठीच्या विधेयकाचा मसुदा केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये हरकतींसाठी प्रसिद्ध केला होता. म्हणून निघण्यापूर्वी त्या राज्याचे आणि त्या जागेचे चालू नियम विचारून घ्यावेत.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून डॉर्सेटच्या किनाऱ्याविषयी नेहमी विचारणा होते. लाइम रीजिस आणि चारमाउथ येथे समुद्राने कड्यातून सोडवून वाळूवर टाकलेले सुटे जीवाश्म उचलता येतात, पण कड्यात खणणे टाळायचे असते. मेरी ॲनिंग हिने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इथेच असे जीवाश्म गोळा करून उदरनिर्वाह केला आणि त्या ओघात इक्थिओसॉर व प्लेसिओसॉर या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्यांचे पहिले मोठे जीवाश्म जगापुढे आणले. हिवाळ्यातल्या वादळांनंतर नवा माल उघडा पडतो, आणि कडे कोसळण्याचा धोकाही तेव्हाच सर्वाधिक असतो. भरतीचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय निघू नये आणि कड्याच्या पायथ्याशी मुलांना बसवू नये.

बरोबर काय न्यावे आणि नमुना कसा उचलावा?

साधनांपेक्षा डोळे महत्त्वाचे आहेत. भूशास्त्रीय हातोडी, छिन्नी, डोळ्यांचे संरक्षण करणारा चष्मा, दहापट भिंग, रद्दी कागद, पिशव्या, वही, पेन्सिल आणि ठिकाणाचे निर्देशांक दाखवणारा मोबाइल एवढे पुरते. सुतारकामाची हातोडी वापरू नये, कारण तिची ठिकरी उडते. सकाळचे किंवा संध्याकाळचे तिरपे ऊन सर्वांत चांगले. भर दुपारी वरंब्यांची सावलीच पडत नाही आणि ॲमोनाइट डोळ्यांसमोर असून दिसत नाही.

थरात पक्का बसलेला नमुना आधी मोजपट्टीसह जागेवरच छायाचित्रात घ्यावा. तो सुटण्यासारखा नसेल, तर सोडून द्यावा. अर्धा ॲमोनाइट घरी आणण्यासाठी पूर्ण ॲमोनाइट फोडलेले दगड मी इतके पाहिले आहेत की हे मनापासून सांगावेसे वाटते.

नोंद कशी ठेवावी?

नमुना उचलला त्याच जागी, त्याच मिनिटाला. माझ्या कपाटात अंगठ्याएवढ्या रुंदीच्या वेटोळ्याचा एक तुकडा आहे. त्याचे वरंबे अजून इतके तीक्ष्ण आहेत की नखाने मोजता येतात. सुरुवातीच्या दिवसांत मी त्याची माहिती चिकटपट्टीवर बॉलपेनने लिहिली होती. दोन पावसाळ्यांनंतर पट्टी सुटली, शाई उडाली आणि आता त्यावर ‘कच्छ’ एवढेच वाचता येते. तो कोणत्या डोंगरावरच्या कोणत्या थरातला, हे पुन्हा कधीही कळणार नाही.

त्यानंतर मी पद्धत बदलली. नमुन्याच्या कमी महत्त्वाच्या भागावर पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका देतो, तो वाळल्यावर त्यावर काळ्या शाईने क्रमांक लिहितो आणि वरून पारदर्शक लेप देतो. त्याच क्रमांकाखाली वहीत जवळचे गाव, निर्देशांक, थराचे वर्णन, थराच्या तळापासूनची उंची, नमुना सुटा मिळाला की थरात, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहितो. ‘सुटा की थरात’ हा तपशील बहुतेक जण गाळतात, आणि अभ्यासक नेमका तोच पहिल्यांदा विचारतात, कारण उतारावर सुटा मिळालेला नमुना वरच्या कोणत्याही थरातून घरंगळत आलेला असू शकतो. नाव ओळखता आले नाही तरी चालेल. ते नंतर लावता येते, ठिकाण नंतर लावता येत नाही.

साफसफाई आणि जपणूक कशी करावी?

मऊ दात-ब्रश, साधे पाणी आणि बांबूची टोकदार काडी यांनी सुरुवात करावी. शेलमधले नमुने पाण्यात भिजवल्यास उकलून भुगा होतो, म्हणून ते कोरडेच घासावेत. व्हिनेगर किंवा लिंबू वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण बहुतेक ॲमोनाइट कॅल्शियम कार्बोनेटयुक्त असल्यामुळे आम्ल खडकाबरोबर जीवाश्मही खाते. तडा गेलेला नमुना ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या द्रव्याने बळकट करता येतो. ते पुन्हा काढता येते, हा त्याचा मोठा गुण आहे. वार्निश मात्र लावू नये.

सोनेरी दिसणाऱ्या, म्हणजे पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाचा साचा असलेल्या ॲमोनाइटकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत पायराइटचे ऑक्सिडीकरण होऊन गंधकाम्ल तयार होते, नमुन्यावर पांढुरकी पूड दिसू लागते, गंधकासारखा वास येतो, आणि पाहता पाहता दगड फुटतो. असे नमुने सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात, इतरांपासून दूर ठेवावेत आणि पावसाळ्यात पुड्या बदलत राहाव्यात.

विकत घेतलेला ॲमोनाइट खरा आहे हे कसे ओळखावे?

बाजारात दिसणाऱ्या कापून चकाकी दिलेल्या जोड्या बहुतेक मादागास्करच्या क्लिओनिसेरसच्या असतात आणि त्या सहसा खऱ्या असतात. कप्प्यांत भरलेले कॅल्साइटचे स्फटिक आणि वाकडे-तिकडे पडदे त्यांत स्पष्ट दिसतात. मोरोक्कोकडून येणाऱ्या मालात खरे नमुने पुष्कळ असले, तरी दगडात कोरलेली वेटोळी आणि राळेत ओतलेल्या नकलाही मिसळलेल्या असतात. भिंगाखाली हवेचे बुडबुडे दिसले, वरंब्यांच्या तळाशी अवजाराचे समांतर ओरखडे दिसले, किंवा एकाच विक्रेत्याकडे हुबेहूब सारखे दोन नमुने दिसले, तर घेऊ नये. सांधरेषा कोरणे फार अवघड असते. ती अखंड आणि क्रमाने लहान होत जाणारी दिसली तर भरवसा वाढतो.

इंद्रधनुषी चमक असलेला ॲमोलाइट हा रत्नदगड कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या प्लासेंटिसेरस या ॲमोनाइटच्या कवचापासून मिळतो. बहुतेक ठिकाणी ॲरागोनाइट नाहीसे होते; तिथे ते टिकले, आणि त्याच्या पातळ थरांतून प्रकाश विभागून हे रंग येतात.

माझ्याकडचा नमुना कोणाला दाखवावा?

भूशास्त्र शिकवणाऱ्या जवळच्या महाविद्यालयापासून सुरुवात करावी. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत पुराजीवशास्त्राचे काम चालत आले आहे, आणि कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे जुने मूळ नमुने आहेत, ज्यांच्याशी तुलना करूनच जातीचे नाव पक्के होते. छायाचित्र पाठवायचे असेल तर बाजूने, तोंडाकडून आणि पाठीच्या कडेवरून अशी तीन चित्रे मोजपट्टीसह, तिरप्या उजेडात घ्यावीत. एकाच बाजूच्या चित्रावरून नाव सांगण्याचा आग्रह धरू नये, कारण वेटोळ्याचा छेद गोल आहे की चपटा, आणि पाठीवर कणा आहे की खाच, हे पाहिल्याशिवाय जाणकारही पुढे जात नाहीत. आणि नमुन्याबरोबर वहीतल्या त्या पानाचे चित्रही जोडावे.